ही मेमरी कोणाची, आणि कुठवर?

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरमधली मेमरी तपासताना रिव्ह्यू करणाऱ्याने, म्हणजे दुसऱ्याचा कोड आत घेण्याआधी वाचणाऱ्याने, नियम सांगून थांबू नये, प्रश्न विचारावा, असं माझं ठाम मत आहे. ही मेमरी कोणाची आहे आणि ती कुठवर जिवंत राहायला हवी, एवढाच तो प्रश्न. पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, पाठवणाऱ्याला याचं उत्तर देता येत नसेल तर पॅच थांबला पाहिजे, मग तो तीन ओळींचा का असेना. आणि हा प्रश्न विचारायला, उत्तर वाचायला, पुन्हा विचारायला जो वेळ लागतो त्याचे पैसे कोणीतरी मोजले पाहिजेत. आज ते फार कमी ठिकाणी मोजले जातात. म्हणूनच प्रश्नाच्या जागी ठरावीक शेरे येतात, आणि त्या शेऱ्यांमधूनच नवे बग तयार होतात.

हा विषय फक्त प्रोग्रॅमर मंडळींचा नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. या कर्नलच्या सोर्समध्ये निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरचा आहे, म्हणजे कॅमेरा, टचस्क्रीन, वायफाय, ग्राफिक्स अशा एकेका उपकरणाशी बोलणाऱ्या कोडचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर्म कंपनीने जाहीर केलं की तिच्या माली ग्राफिक्सच्या कर्नल ड्रायव्हरमध्ये एक भोक आहे: फोनवरचं कुठलंही साधं अ‍ॅप, काही खास परवानगी नसताना, आधीच सोडून दिलेल्या मेमरीपर्यंत पोचू शकतं. मोजक्या लोकांवर त्याचा प्रत्यक्ष वापर होत असल्याची चिन्हंही आर्मने त्याच वेळी सांगितली. माली ग्राफिक्स ज्या फोनमध्ये असतं ते फोन आपल्याकडे गावोगावी विकले जातात. बाकीचा सगळा तांत्रिक तपशील बाजूला ठेवला तर चूक एवढीच होती की मेमरी सोडली गेली होती आणि कोणीतरी ती अजून वापरत होतं.

तो ड्रायव्हर मुख्य कर्नलचा भाग नाही. कंपनी तो स्वतंत्रपणे देते आणि फोन बनवणारे तो आपापल्या कर्नलला जोडतात. मुख्य कर्नलमध्ये त्याच चिपांसाठी पॅनफ्रॉस्टसारखे वेगळे ड्रायव्हर आहेत आणि ते उघड रिव्ह्यूतून गेलेले आहेत. उघड रिव्ह्यू झाला असता तर ते भोक नक्की सापडलं असतं, असा दावा मी करणार नाही. मुख्य कर्नलमध्येही अशी भोकं सापडतात आणि दर आवृत्तीत बुजवली जातात. पण तिथे निदान प्रश्न विचारायची जागा आहे, आणि उत्तर कोणालाही वाचता येतं. ती जागा आपण कशी वापरतो, याबद्दल मला बोलायचं आहे.

साध्या प्रोग्रॅममध्ये मेमरी सोडायची राहून गेली तर प्रोग्रॅम बंद झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम ती परत घेते. कर्नलच्या वर असा कोणी नाही. तिथे सांडलेली मेमरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत सांडलेलीच राहते. आणि चुकीच्या जागी एक बाइट लिहिला गेला तर तो शेजारच्या फाइल सिस्टीमचा असू शकतो, नेटवर्कचा असू शकतो, परवानग्यांच्या नोंदीचा असू शकतो. सी भाषा यातलं काहीच अडवत नाही. म्हणून कर्नलमध्ये मेमरीची शिस्त ही माणसांनी माणसांना लावलेली शिस्त आहे. तिची जागा म्हणजे रिव्ह्यू.

आता प्रत्यक्ष कोडकडे वळतो. ड्रायव्हरमध्ये प्रोब नावाचं फंक्शन असतं, उपकरण सापडलं की कर्नल ते बोलावतो. त्यात आधी मेमरी घ्यायची, मग क्लॉक सुरू करायचा, मग इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला हाक मारायची सोय) मागायचा, मग उपकरणाची नोंदणी करायची. चौथी पायरी फसली तर तिसरी, दुसरी, पहिली अशा उलट्या क्रमाने आवरत यायचं. सीमध्ये हे गोटू (ठरावीक ओळीवर उडी मारायची आज्ञा) वापरून लिहितात, कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये तशी पद्धतच घालून दिली आहे. दिसायला सोपं आहे. पण ही आवराआवर खऱ्या यंत्रावर जवळजवळ कधीच चालत नाही. जीएफपी कर्नल हा फ्लॅग देऊन दोन-चार केबी मागितले तर कर्नल सहसा नाही म्हणतच नाही. तो मेमरी मोकळी करायची खटपट करतो, थांबतो, अगदीच वेळ आली तर एखादी प्रोसेस मारतो, पण मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. म्हणजे मेमरी मिळाली नाही तर काय करायचं, हे सांगणाऱ्या ओळी लिहिणाऱ्याच्या टेबलावर चालत नाहीत, टेस्टिंगमध्ये चालत नाहीत, ग्राहकाकडेही चालत नाहीत. त्या पहिल्यांदा चालतात रिव्ह्यूअरच्या डोक्यात. तिथेही नाही चालल्या तर थेट हल्लेखोराच्या हाती लागतात.

यासाठी साधनं नाहीत असं नाही. मेमरी मागणी मुद्दाम फसवणारी सोय कर्नलमध्ये २००६ पासून आहे. सोडलेल्या मेमरीला हात लावला की ओरडणारं कासान २०१५ मध्ये आलं. २०१७ पासून सिझबॉट हा स्वयंचलित तपासनीस रात्रंदिवस कर्नलवर उलटसुलट मारा करतो आहे आणि त्याने ढिगाने बग बाहेर काढले आहेत. पण सिझबॉट आभासी यंत्रांवर चालतो. एखाद्या तापमापक सेन्सरचा, एखाद्या मोटर कंट्रोलरचा ड्रायव्हर तिथे जागाच होत नाही, कारण ते उपकरणच तिथे नसतं. ज्या ड्रायव्हरचं हार्डवेअर जगात मोजक्या लोकांच्या टेबलावर आहे, त्याच्यासाठी वाचणारी माणसं हाच आधार उरतो.

आणि वाचणं सोपं नाही. एक उदाहरण जवळून बघू. ड्रायव्हर एका स्ट्रक्चरसाठी (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यासाठी) मेमरी घेतो, त्या स्ट्रक्चरच्या पोटात एक डिव्हाइस असतं, आणि ते डिव्हाइस-रजिस्टर या फंक्शनने नोंदवायचं असतं. नोंदणी फसली. आता काय करायचं? सरळमार्गी माणूस केफ्री, म्हणजे मेमरी सोडणारं फंक्शन, लिहील: मेमरी आपण घेतली होती, आपण सोडली, हिशेब चुकता झाला. पॅचमध्ये ती ओळ बघून वाचणाराही मान डोलावतो. पण ते चूक आहे. नोंदणीच्या पहिल्याच पायरीला त्या डिव्हाइसची संदर्भमोजणी (ते किती जण धरून आहेत याची मोजणी) सुरू झालेली असते, आणि तोवर त्याच्या नावासाठी वेगळी मेमरीही घेतलेली असते. तिथून पुढे ती मेमरी एकट्या ड्रायव्हरची राहत नाही. नोंदणी फसली तरीसुद्धा पुट-डिव्हाइस करायचं, म्हणजे आपला हक्क सोडायचा, आणि शेवटचा धरणारा सुटला की रिलीज फंक्शन ती मेमरी परत करेल. हे त्या फंक्शनच्या वरच्या टिपणीत स्वच्छ लिहून ठेवलं आहे. तरीही ही चूक वर्षानुवर्षं येत राहिली, कारण वाचणारा केफ्री आहे का नाही एवढंच बघतो. मालकी कोणत्या ओळीवर बदलली, हे बघायला उठून दुसरी फाइल उघडावी लागते.

डेव्हएमची गोष्ट याहून मोठी आहे, आणि माझं म्हणणं मुख्यतः तिच्यावर उभं आहे. २००७ मध्ये तेजुन हिओ यांनी कर्नलमध्ये एक सोय आणली. ड्रायव्हरने मेमरी, इंटरप्ट, रजिस्टरचं मॅपिंग वगैरे गोष्टी डेव्हएम या उपसर्गाच्या फंक्शनांनी घेतल्या तर त्या उपकरणाच्या नावावर नोंदल्या जातात. प्रोब मध्येच फसलं किंवा ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की कर्नल त्या उलट्या क्रमाने आपोआप परत करतो. मघाची गोटूची सगळी शिडीच नाहीशी होते. ही फार चांगली सोय आहे आणि तिने कितीतरी गळती थांबवली. म्हणून रिव्ह्यूत एक शेरा रूढ झाला: इथे केझॅलॉक (मेमरी घेणारं साधं फंक्शन) कशाला, डेव्हएम-केझॅलॉक वापरा. कोड लहान होतो, पॅच पाठवणारा खूश, वाचणारा खूश. जुने ड्रायव्हर डेव्हएमवर आणण्याचे पॅचही येऊ लागले.

आता यूएसबी कॅमेरा घ्या. एक प्रोग्रॅम त्याची डिव्हाइस फाइल उघडून बसला आहे, चित्र वाचतो आहे. कोणीतरी केबल ओढली. कर्नल ड्रायव्हरला कळवतो, ड्रायव्हर उपकरणापासून सुटतो, आणि डेव्हएमने घेतलेली सगळी मेमरी त्या क्षणी परत जाते. पण त्या प्रोग्रॅमच्या हातात फाइल अजून उघडीच आहे. पुढच्या सेकंदाला तो आणखी एक फ्रेम मागतो, किंवा साधी फाइल बंद करतो. बंद करण्याची हाक ड्रायव्हरच्या फंक्शनपर्यंत येते, ते फंक्शन आपलं स्ट्रक्चर उघडून बघतं, आणि ते स्ट्रक्चर आता कोणा दुसऱ्याचं झालेलं असतं. यजमान निघाले म्हणून जेवायला बसलेल्या पंगतीची पानं उचलावीत, तसं हे झालं. जेवणारे उठले का, हे कोणी विचारलंच नाही.

चूक कुठे आहे बघा. डेव्हएमने जे सांगितलं तेच केलं. मेमरीचं आयुष्य उपकरणाच्या जोडणीला बांधलेलं होतं, प्रत्यक्षात ते शेवटच्या उघड्या फाइलला बांधायला हवं होतं. ही दोन आयुष्यं वेगळी आहेत, हे ड्रायव्हर नव्याने लिहिणाऱ्याला कळणं कठीण आहे, पण रिव्ह्यूअरला कळायला हवं होतं. त्याने मात्र शेरा दिला, आणि शेऱ्यात आयुष्याचा उल्लेख नव्हता. लोरां पिंशार यांनी २०२२ च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत डेव्हएम-केझॅलॉक घातक का आहे, याच विषयावर भाषण दिलं. ते व्हिडिओच्या ड्रायव्हरमध्ये वर्षानुवर्षं काम करणारे आहेत, हे प्रकार त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. ग्राफिक्सवाल्यांनी २०२० मध्ये आपल्यापुरती वाट काढली होती. डीआरएमएम उपसर्गाची त्यांची फंक्शनं मेमरीचं आयुष्य ग्राफिक्स डिव्हाइसच्या शेवटच्या धारकाशी बांधतात, हार्डवेअरच्या जोडणीशी बांधत नाहीत. तीच सोय, तेवढाच लहान कोड, फक्त गाठ योग्य खुंटीला मारलेली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. कॅमेरा ठीक आहे, पण फोनच्या चिपच्या आतला एखादा ब्लॉक कोण उपटणार? तिथे ड्रायव्हर सोडवायचा तर रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याची, परवानगी लागते, आणि ज्याच्याकडे रूट आहे तो तसंही वाटेल ते करू शकतो. मग उगाच संदर्भमोजणीचं ओझं कशाला? मला हा युक्तिवाद कित्येक ड्रायव्हरांच्या बाबतीत मान्य आहे. पण मग तो पॅचमध्ये लिहा. हे उपकरण निघत नाही, म्हणून हे आयुष्य पुरेसं आहे, एवढं एक वाक्य. हाताने सोडवण्याची सोय बंद करणारा फ्लॅगही कर्नलमध्ये आहे, तो लावा. कारण ड्रायव्हर कोणी कोऱ्या कागदावर लिहीत नाही. शेजारचा ड्रायव्हर उघडून त्याची नक्कल करून लिहितात, सगळेच लिहितात. न निघणाऱ्या चिपसाठी बरोबर असलेला कोड पुढच्या वर्षी यूएसबीच्या ड्रायव्हरमध्ये जसाच्या तसा उतरतो, आणि तो का बरोबर होता हे कारण मात्र मागेच राहतं.

असाच दुसरा शेरा जीएफपी अ‍ॅटॉमिकचा. स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलेला असताना किंवा इंटरप्टच्या आत झोपता, म्हणजे थांबून वाट बघता, येत नाही, आणि जीएफपी कर्नलने मेमरी मागितली तर कर्नल झोपू शकतो. मग शेरा येतो, अ‍ॅटॉमिक करा. पॅच सुधारतो, इशारा गप्प होतो. पण अ‍ॅटॉमिक मागणी अडीअडचणीसाठी राखून ठेवलेल्या साठ्यातून घेते, आणि ती फसण्याची शक्यता खरी असते, मघासारखी कागदावरची नाही. विचारायला हवं होतं ते हे: लॉक धरून मेमरी मागायची वेळच का आली? बहुतेक वेळा ती मागणी चार ओळी वर, लॉकच्या बाहेर नेता येते.

आपल्या यंत्रावर चाललं म्हणून बरोबर, हा समज मेमरीच्या बाबतीत किती महागात पडतो याचा मोठा दाखला २०१६ चा आहे. यूएसबीला द्यायचा बफर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवू नका, त्यावर डीएमए (उपकरणाने थेट मेमरी वाचणं-लिहिणं) चालणार नाही, हे कर्नलच्या दस्तऐवजांत आधीपासून लिहिलेलं होतं. पण इंटेलच्या यंत्रांवर तसं केलेलं चालून जायचं, म्हणून कितीतरी ड्रायव्हर तसेच आत आले. मग ४.९ आवृत्तीत अँडी लुटोमिर्स्की यांच्या कामामुळे स्टॅक वेगळ्या पद्धतीने, सुरक्षेसाठी, मांडता येऊ लागला, आणि टीव्ही ट्यूनरपासून अनेक यूएसबी ड्रायव्हर एका फटक्यात मोडले. त्यातला प्रत्येक ड्रायव्हर कधी ना कधी कोणीतरी वाचून पास केलेला होता.

मग लोक असे शेरे का मारतात? आळशी असतात म्हणून नाही. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते, प्रत्येकीत दहा हजारांहून जास्त बदल असतात आणि ते सुमारे दोन हजार लोकांकडून आलेले असतात. लिहिणारे भरपूर आहेत, वाचणारे फार थोडे. कर्नलच्या सोर्समध्ये मेंटेनर्स नावाची एक फाइल आहे, तिच्यात प्रत्येक भागाची स्थिती नोंदलेली असते. सपोर्टेड म्हणजे कोणीतरी पगार घेऊन हे सांभाळतं. मेंटेन्ड म्हणजे कोणीतरी सांभाळतं. त्याखाली ऑड फिक्सेस: माणूस आहे, पण एखाददुसरा पॅच घेण्यापलीकडे त्याला वेळ नाही. त्याच्याही खाली ऑर्फन, अनाथ. ज्या कंपन्यांची उपकरणं या कोडवर विकली जातात, त्यांनी आपल्या चिपच्या नावासमोर यातला कोणता शब्द आहे ते एकदा उघडून बघावं.

मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. २०२० मध्ये तिथल्या संशोधकांनी खोट्या नावांनी काही छोटे पॅच पाठवले. वरवर पाहता ते किरकोळ दुरुस्त्या होत्या, आत सोडून दिलेली मेमरी वापरली जाण्याची बीजं मुद्दाम पेरलेली होती, आणि त्यासाठी त्यांनी नेमकी आवराआवरीची वाट निवडली, संदर्भमोजणीची वाट निवडली. रिव्ह्यूअर फसतात का, हे त्यांना बघायचं होतं. एप्रिल २०२१ मध्ये कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणं बंद केलं. त्यानंतर लोकांनी त्या विद्यापीठाचे जुने ४३५ बदल एकेक करून पुन्हा तपासले. त्यातले बहुसंख्य बरोबर निघाले. संमती न घेता लोकांच्या श्रमांवर प्रयोग करणं चूकच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मला जास्त टोचतं ते हे की रिव्ह्यूअरचं लक्ष किती थोडं आहे, हे संशोधकांनी आधीच ओळखलं होतं आणि त्यावरच प्रयोग रचला. आणि उलगडा झाल्यावरही तो हिशेब पुरा करायला पुन्हा तीच थकलेली माणसं बसली.

सततच्या शेऱ्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एकच सूचना शंभर वेळा द्यावी लागत असेल तर दोष पॅच पाठवणाऱ्यांचा नाही, फंक्शनचा आहे. वीज वाचवण्यासाठी झोपवलेलं उपकरण जागं करणारं एक फंक्शन असं होतं की ते फसलं तरी संदर्भाचा आकडा वाढवून ठेवायचं. साहजिकच लोक फसल्यावर आकडा कमी करायला विसरायचे, आणि रिव्ह्यूत तेच ते लिहिलं जायचं. २०२० च्या अखेरीस एक नवं फंक्शन आलं, जे फसलं तर आकडा स्वतःच पूर्ववत करतं. चर्चा संपली. तसंच २०२३ मध्ये पीटर झिल्स्ट्रा यांनी सीमध्येच अशी सोय आणली की व्हेरिएबलची हद्द (स्कोप) संपली की त्याची मेमरी आपोआप सुटते. हे काम शेरा मारण्यापेक्षा अवघड आहे, त्याला आठवडे जातात, आणि ते करणाऱ्याच्या नावावर एकही नवीन फीचर लागत नाही. मी तरी याला रिव्ह्यूचं सर्वोत्तम रूप मानतो.

कडक भाषेबद्दल थोडक्यात. कर्नलमध्ये अपमान करण्याची एक परंपरा होती, ती लपवण्यात अर्थ नाही. यूएसबी ३ चा ड्रायव्हर पूर्वी सांभाळलेले सेज शार्प यांनी २०१५ मध्ये त्याच कारणाने बाहेर पडल्याचं जाहीरपणे सांगितलं. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाले आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. काही जण अजून म्हणतात की तिखटपणा गेला तर दर्जा जाईल. मला हे मुळीच पटत नाही. हे काय लिहिलंय, असं ओरडण्यात त्या मेमरीच्या आयुष्याबद्दल एक अक्षरही नसतं. ओरडा आणि ठरावीक शेरा ही दोन्ही एकाच दुखण्याची रूपं आहेत, समजावून सांगायला वेळ नसण्याची. नव्या माणसाला ओरडा खाऊन जे कळतं ते एवढंच की पुन्हा इथे यायचं नाही.

रस्ट या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेने हे सगळं सुटेल का? डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट आहे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. जो प्रश्न मी रिव्ह्यूअरने विचारावा म्हणतो, तो रस्टचा कंपायलर स्वतः विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ देत नाही. मघाच्या कॅमेऱ्याच्या प्रश्नावर रस्टवाल्यांनी नेमका विचार केला आहे: उपकरणाची संसाधनं अशा वेष्टनात ठेवायची की उपकरण गेलं की ती काढून घेतली जातील, पण ती वापरू पाहणाऱ्याला कुजलेला पत्ता न मिळता आता ते नाही असं स्वच्छ उत्तर मिळेल. सीच्या ड्रायव्हरमध्ये हे भान माणसाने ठेवायचं, इथे ते टाइपमध्येच आहे.

पण रस्टची वेष्टनं लिहितानाही कोणीतरी सीच्या बाजूचे अलिखित करार शब्दांत मांडावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये डीएमए मेमरीच्या रस्ट वेष्टनावरून मोठा वाद झाला. डीएमएचे तेव्हाचे जुने जाणते मेंटेनर क्रिस्टोफ हेलविग यांनी विरोध केला: दोन भाषांचा कोड सांभाळणं मेंटेनरच्या जिवावर येईल. फेब्रुवारीत क्रोआ-हार्टमन यांनी जाहीरपणे रस्टची बाजू घेतली. त्यांच्या पाहण्यातले बहुतेक बग सीच्या बारीकसारीक कोपऱ्यांतले आहेत, आणि रस्टमध्ये ते उरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला हेलविग यांचा निष्कर्ष पटला नाही, पण त्यांची काळजी खरी वाटते, कारण ती वाचणाऱ्याच्या वेळाची काळजी आहे. शिवाय सीमधले लाखो ओळींचे ड्रायव्हर उद्या नाहीसे होणार नाहीत. आज विकल्या जाणाऱ्या राउटरमध्ये, गाड्यांच्या पडद्यांमध्ये, ऊस कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तेच पुढची पंधरा वर्षं चालणार आहेत.

आता आपल्या अंगणात येतो. हिंजवडी, बाणेर, खराडी, येरवडा इथे ड्रायव्हर लिहून पोट भरणारी मराठी मुलं-मुली भरपूर आहेत. सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीमचा डिप्लोमा करून दर वर्षी नवी तुकडी बाहेर पडते. यातल्या ज्यांचे पॅच मुख्य कर्नलमध्ये जातात त्यांचं वर्षाअखेर कौतुक होतं, नावापुढे आकडा लागतो. दुसऱ्याचा पॅच नीट वाचला, आयुष्याचा प्रश्न विचारला, तीन वेळा परत पाठवला आणि शेवटी आपल्या नावाने रिव्ह्यूची मोहोर दिली, त्याचा आकडा कोणी विचारत नाही. कर्नलच्या इतिहासात मात्र ती मोहोर प्रत्येक बदलाखाली कायमची नोंदलेली असते. मोजायची इच्छा असेल तर गिटची (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) एक ओळ पुरते. कंपनीने दोन पॅच पाठवले तर एक तरी बाहेरचा पॅच मनापासून वाचून दिला पाहिजे, आणि तो वेळ प्रोजेक्टच्या तासांत धरला पाहिजे. रविवारी रात्री घरी बसून करायचं ते काम नाही. असं मोजमाप लावलं तर लोक नुसत्या मोहोरा उठवत सुटतील, ही भीती मला ठाऊक आहे. त्यावर उपाय हाच की मोहोर मोजायची तर तिच्या आधी विचारलेले प्रश्नही उघडून वाचायचे. ते सगळे जाहीर असतात.

शिकवणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. अभ्यासक्रमात कॅरेक्टर ड्रायव्हर लिहायला लावतात, मॉड्यूल चढवायला आणि उतरवायला लावतात, स्क्रीनवर संदेश उमटला की प्रात्यक्षिक पूर्ण. त्यात एक पायरी वाढवा. कासान लावून कर्नल बांधायचा. साध्या यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर विद्यार्थ्याने लिहायचा, एका टर्मिनलमध्ये त्याची फाइल उघडून ठेवायची. दुसऱ्या टर्मिनलमधून सिस-एफएसमधल्या अनबाइंड फाइलमध्ये उपकरणाचं नाव लिहून ड्रायव्हर सोडवायचा. मग पहिल्या टर्मिनलमध्ये परत येऊन ती फाइल बंद करायची. कासानने अहवाल छापला तर त्यात तीन गोष्टी सापडतील: मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, आणि सोडल्यावर तिला कोणी हात लावला. तो अहवाल विद्यार्थ्याने शेजारच्याच्या कोडवर काढायचा, आणि दुरुस्ती काय हवी ते त्याला लिहून द्यायचं, कारणासकट.